सर्वांच्या गळ्यात बसणारी चाल
(मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे चरित्र)

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. व्यक्ती कोणती घ्यावी हेही मीच ठरवावे असे सांगितले. ते नाव मला फार शोधावे लागले नाही. आपल्याच एका फजितीतून ते सापडले.

मागील स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम पुष्कळजणींना आठवत असेल. झेंडावंदन झाले, जन गण मन सर्वांनी एका सुरात म्हटले. मिठाई वाटण्यापूर्वी वंदे मातरम् म्हणावयाचे होते. पेटी काळी पाचमध्ये सुरू झाली. पहिली ओळ कशीबशी निभावली. पुढे काहीजणी आकाशवाणीवरच्या चालीने, काहीजणी शाळेतल्या चालीने, तर काहीजणी सिनेमातल्या चालीने म्हणू लागल्या. वरचे स्वर आले तेव्हा निम्म्या गळ्यांनी माघार घेतली आणि गाणे मध्येच थांबले. आपण सर्वजणी हसलो आणि चहाकडे वळलो.

आमच्या गल्लीतल्या आजी मात्र हसल्या नाहीत. घरी परतताना त्यांनी मला सांगितले की, त्यांचे वडील १९३८ साली येथल्या कॉलेजात शिकत होते आणि याच गाण्यापायी त्यांना कॉलेज सोडावे लागले होते. ज्या गाण्यासाठी त्यांनी शिक्षण गमावले, ते आपल्याला दुसऱ्या ओळीपर्यंतही धड म्हणता येऊ नये, याचे त्यांना वाईट वाटले होते. मी खाली मान घालून ऐकून घेतले. शाळेत मी सातवीपर्यंत गेले. त्या सात वर्षांत हे गाणे किती वेळा म्हटले असेन, पण त्याला चाल कोणी लावली, ती सर्वांना म्हणता यावी म्हणून कोणी धडपड केली, हे कधी विचारले नव्हते. त्या दिवशी मनाशी ठरविले की हे शोधून काढावयाचे. वाचनालयातून पुस्तके आणली. इंग्रजी पुस्तकांतले मुलीकडून समजून घेतले. त्यातून जे कळले ते येथे देत आहे.

हे गाणे साऱ्या देशाला एकत्र म्हणता यावे म्हणून आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घालणारा माणूस आपल्या फुलंब्रीच्या नावाचा निघाला. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे त्यांचे नाव. आपल्या शहरातून सिल्लोड-जळगावच्या रस्त्याने निघाले की फुलंब्री लागते. आपल्यापैकी कित्येकींचे माहेर त्या बाजूचे आहे. त्या गावाचे नाव आडनावात घेऊन एका घराण्याने पुण्याकडे वास्तव्य केले आणि त्यांच्यातल्या एका मुलाने ते नाव साऱ्या महाराष्ट्रात गाजविले.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीस झाला. वडील गणेशपंत हे वैदिक ब्राह्मण. ज्ञानोबांच्या समाधीची जागा, इंद्रायणीचा घाट, अहोरात्र चालणारी भजने, अशा ठिकाणी मुलाच्या कानांवर पहिले सूर पडले. गळा उपजतच गोड होता. १९११ साली, तेरा वर्षांचे असताना, ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. त्या काळी कंपनीत गाणाऱ्या मुलाला मास्टर म्हणत. लहानपणी नावामागे लागलेला हा मास्टर पुढे आदराचा मास्तर होऊन शेवटपर्यंत राहिला. पुढे सवाई गंधर्व म्हणून प्रसिद्धीस आलेले गायकही त्या मंडळीत होते. त्यांच्याकडून कृष्णरावांना गाण्याचे सुरुवातीचे धडे मिळाले.

परंतु त्यांचे खरे गुरू म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या मोठ्या कष्टाने मिळविली होती. गायनाचे शिक्षण सामान्य गृहस्थांच्या मुलांनाही मिळावे म्हणून त्यांनी पुण्यास भारत गायन समाज काढला. कृष्णरावांनी बुवांजवळ राहून विद्या घेतली. त्या शिक्षणाची रीत आज आपल्याला अवघड वाटेल. पुस्तक नाही, वही नाही, गुरूंनी गावे आणि शिष्याने तंबोऱ्यावर बसून तसेच उचलावे. बुवा १९२२ साली वारले. नंतर भारत गायन समाजाची धुरा मास्तरांनी वाहिली. कानांनी मिळविलेली विद्या पुढच्या मुलांना कागदावरही मिळावी म्हणून त्यांनी स्वरलिपीसह बंदिशी देणारे रागसंग्रहाचे सात भाग काढले. राम मराठे आणि योगिनी जोगळेकर हे त्यांचे नावाजलेले शिष्य. योगिनीबाई तर गायिकाही होत्या आणि लेखिकाही.

बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत मास्तरांचा पुष्कळ काळ गेला. तेथे त्यांनी भूमिका केल्या आणि नाटकांना चालीही दिल्या. १९२६ चे मेनका आणि १९३१ चे कान्होपात्रा ही त्यांपैकी दोन. कान्होपात्रेतली भजने आजही एकादशीला आपल्या घरांतून ऐकू येतात. १९४२ साली नाट्यनिकेतनने मो. ग. रांगणेकरांचे कुलवधू नाटक आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी म्हटलेली पदे घरोघर झाली, त्या चालीही मास्तरांच्याच. ज्या पदासाठी नाटकात एरव्ही अर्धा तास ताना चालत, ते पद त्यांनी पाच-सात मिनिटांचे केले. गाणाऱ्याची विद्या दिसावी, पण ऐकणाऱ्या बायकामुलांना घरी जाताना गुणगुणताही यावे, अशी त्यांच्या चालींची घडण होती. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून येथेच सांगून ठेवते.

नंतर बोलपट आले. प्रभात कंपनीच्या अनेक चित्रांना त्यांनी संगीत दिले. १९३५ चा धर्मात्मा हा आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा. नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ त्यात दाखविले होते. चित्राचे नाव प्रथम महात्मा ठेवले होते. त्यातून गांधीजींची आठवण होते म्हणून सरकारने ते बदलावयास लावले. पुढे १९३८ चा गोपाळकृष्ण, १९३९ चा माणूस आणि १९४१ चा शेजारी आला. शेजारीमध्ये एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट आहे. लोक त्यांच्यात वितुष्ट आणतात आणि अखेर धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरूनच जातात. आपल्या शहरात सर्व धर्मांचे लोक भिंतीला भिंत लावून राहतात. ते चित्र आपण अवश्य पहावे.

असा हा नाटक-सिनेमात नाव मिळविलेला, सुखाने राहू शकणारा माणूस. तो वंदे मातरम् च्या मागे का लागला? त्यासाठी त्या गाण्याची हकीकत थोडी सांगावी लागेल.

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी हे गीत बंगालमध्ये लिहिले आणि १८८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या आनंदमठ कादंबरीत ते घातले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ते गायिले. १९०५ साली बंगालची फाळणी झाली तेव्हा ते रस्त्यावर आले आणि साऱ्या देशाची घोषणा झाले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते गाण्याचा मान कितीतरी वेळा आपल्या महाराष्ट्राच्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांकडे असे. गाण्याला विरोधही झाला. पुढच्या कडव्यांत मातृभूमीला देवीच्या रूपात वंदन आहे, ते आपल्या धर्माला धरून नाही असे पुष्कळ मुसलमान बांधवांचे म्हणणे होते. १९२३ साली काकीनाड्याच्या काँग्रेसमध्ये त्यावरून भर मंडपात वाद झाला. पलुस्करांनी गाणे पुरे केले. पण वाद मिटला नाही, म्हणून १९३७ साली काँग्रेसने सभेत पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले. त्या दोन कडव्यांत पाणी, फळे, वारा, पिके, चांदणे एवढेच आहे. ते कोणाला परके वाटणार?

आपल्या भागाची तऱ्हा आणखी वेगळी. आपण निजामाच्या राज्यात होतो. १९३८ साली येथील इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणावयास सुरुवात केली. त्यांना मनाई झाली. मुलांनी ती मानली नाही. हे लोण हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले आणि मुलांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. कित्येकांना पुढे नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. काढलेल्यांत हैदराबादेस शिकणारे पी. व्ही. नरसिंह राव होते, जे पुढे १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. आजींचे वडीलही याच चळवळीतले. त्यांना मात्र नागपूरची वाट परवडली नाही. ते घरी येऊन शेतीला लागले.

याच काळात मास्तर कृष्णराव आपल्या मैफलींच्या शेवटी वंदे मातरम् गाऊ लागले. त्यांनी त्याला झिंझोटी रागाच्या अंगाने चाल लावली होती. एकदा मुंबईच्या रेडिओवर गाताना त्यांनी ते सुरू केले, तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रक्षेपण मध्येच तोडले. मास्तर उठून बाहेर आले आणि त्यांनी रेडिओवर गाणेच सोडून दिले. रेडिओ म्हणजे त्या वेळी गवयाला नाव आणि बिदागी दोन्ही देणारी जागा. तिकडे पाठ फिरविणे म्हणजे घरात येणारा पैसा आपण होऊन बंद करणे, हे आपल्यासारख्या संसार करणाऱ्या बायकांना निराळे सांगावयास नको. देश स्वतंत्र झाल्यावरच ते पुन्हा रेडिओवर गायिले.

आता स्वातंत्र्य जवळ आले आणि प्रश्न उभा राहिला की भारताचे राष्ट्रगीत कोणते? येथे थोडे देशाबाहेर जाऊन येऊ, म्हणजे चालीला एवढे महत्त्व का आले ते नीट कळेल.

आपल्याला वाटते की राष्ट्रगीत म्हणजे कवीचे शब्द. पण जगात चाल आणि शब्द यांचे संसार पुष्कळदा वेगळे झालेले आहेत. इंग्रजांच्या राजाच्या गीताची चाल एवढी पसरली की जर्मनीतल्या प्रशियाच्या राजाचे गीतही त्याच चालीवर होते आणि पुढे जर्मन सम्राटाचेही तेच झाले. १९१४ साली इंग्रज आणि जर्मन लढाईत समोरासमोर उभे राहिले, तेव्हा दोघांच्याही राजांची गीते एकाच चालीची होती! लिख्टेनस्टाइन नावाच्या चिमुकल्या देशात आजही जर्मन भाषेतले राष्ट्रगीत त्याच चालीवर म्हणतात.

दुसरी हकीकत हायडन नावाच्या थोर संगीतकाराची. त्याने १७९७ साली व्हिएन्नामध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्झसाठी एक चाल बांधली. सम्राटाच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारीला, ती प्रथम म्हटली गेली. चव्वेचाळीस वर्षांनी, १८४१ साली, हॉफमान नावाच्या जर्मन प्राध्यापकाने हेलिगोलँड बेटावर त्याच चालीवर निराळेच शब्द लिहिले. त्या वेळी जर्मनी म्हणजे लहानमोठ्या पुष्कळ संस्थानांचा समूह होता. आपापली संस्थाने विसरून सर्वांनी एक व्हावे असा त्याच्या गीताचा भाव. राजेलोकांना ते आवडले नाही. पुढच्याच वर्षी त्याची नोकरी गेली. आपल्या वसतिगृहातील मुलांची आठवण येते, नाही का? पुढे १९२२ साली ते जर्मनीचे राष्ट्रगीत झाले. नंतर हिटलर आला. एकीसाठी लिहिलेले पहिले कडवे त्याच्या लोकांनी दुसऱ्यांवर वर्चस्व गाजविण्याच्या अर्थाने म्हटले आणि त्या शब्दांना डाग लागला. महायुद्धानंतर, १९५२ साली, पश्चिम जर्मनीने गीत ठेवले, पण म्हणावयाचे ते फक्त तिसरे कडवे असे ठरविले. त्यात एकी, न्याय आणि स्वातंत्र्य मागितले आहे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावरही १९९१ साली तेच कायम केले. म्हणजे सर्वांना मनापासून म्हणता येईल तेवढेच ठेवावे हा विचार आपल्याकडे १९३७ साली झाला, तसाच तिकडेही करावा लागला.

ऑस्ट्रियाची आपली चाल तर जर्मनीकडे गेली. मग त्यांनी १९४६ साली नवे राष्ट्रगीत केले. त्याचे शब्द एका स्त्रीने लिहिले आहेत, पाउला प्रेराडोविच या कवयित्रीने. त्यात देशाच्या थोर पुत्रांचा उल्लेख होता, मुलींचा नव्हता. तेथील स्त्रियांनी अनेक वर्षे मागणी केली आणि २०१२ सालापासून त्या गीतात मुलींचाही उल्लेख आला. आपल्या मंडळात हे मोठ्याने वाचून दाखवावे असे मला वाटते.

आता परत आपल्याकडे. १९११ साली कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम म्हटलेले रवींद्रनाथांचे जन गण मन हेही लोकप्रिय होते. ११ सप्टेंबर १९४२ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एका इंडो-जर्मन संस्थेचा उद्घाटन समारंभ झाला. सुभाषबाबू हजर होते. तेथल्या वाद्यवृंदाने जन गण मन वाजविले. परदेशी वाद्यांवर आपले गीत वाजल्याचा तो फार महत्त्वाचा प्रसंग. १९४७ साली अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनप्रसंगी भारताचे राष्ट्रगीत मागण्यात आले, तेव्हा आपल्या मंडळींजवळ जन गण मनचीच ध्वनिमुद्रिका होती. ती तेथल्या वाद्यवृंदाला दिली आणि त्यांनी वाजविलेले सर्वांना आवडले. त्यामुळे पंडित नेहरूंचे मत त्या गीताकडे झुकले. वंदे मातरम् थोर आहे, पण त्याची चाल बँडवर नीट बसत नाही, परदेशी लोकांना वाजविता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

या आक्षेपाला उत्तर देण्यास मास्तर कृष्णराव पुढे आले. भाषणे करून नव्हे, तर गाऊन आणि वाजवून. त्यांनी मैफलीतली चाल बाजूस ठेवली आणि सामान्य माणसाचा गळा समोर ठेवून नवी रचना केली. स्वर फार वर जाऊ नयेत, ताना-हरकती नसाव्यात, पावले टाकीत म्हणता यावे, शाळेतल्या मुलांनी आणि सभेतल्या हजारो लोकांनी एकदमच म्हटले तरी कोणी मागे पडू नये, अशी ती होती. बँडसाठी पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी करवून घेतली आणि प्रत्यक्ष बँडवर ती वाजवून घेतली. ध्वनिमुद्रिका काढल्या. दिल्लीस जाऊन नेहरूंसमोर व घटना समितीच्या सभासदांसमोर प्रात्यक्षिके केली. कोणी त्यांना हे काम नेमून दिले नव्हते. पन्नाशीला आलेला, मोठमोठ्या मैफली गाजविलेला गवई पदरमोड करून पुणे, मुंबई आणि दिल्लीच्या खेपा घालीत होता, एवढ्यासाठी की एक गाणे सर्वांना म्हणता यावे.

२५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी सभागृहात आपले म्हणणे मांडले. त्या दिवशी आपले शहर अजून निजामाच्याच ताब्यात होते हे लक्षात घ्या. दिल्लीत राष्ट्रगीताची चाल कशी असावी याची चर्चा चालली होती आणि येथे ते गाणे उघड म्हणण्याचीही सोय नव्हती. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, आपण मुक्त झालो. आजी सांगतात की, त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी अंगणात उभे राहून वंदे मातरम् म्हटले आणि शेजारचे सगळे दारात येऊन उभे राहिले. त्या तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःला ते आठवत नाही, आईने सांगितलेले आठवते.

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निर्णय सांगितला. जन गण मन हे राष्ट्रगीत ठरले आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातील कामगिरीमुळे वंदे मातरम् ला त्याच्या बरोबरीचा मान मिळेल असे जाहीर झाले. मास्तरांना जे हवे होते ते पूर्णपणे मिळाले नाही. राष्ट्रगीताची जागा दुसऱ्या गीताला मिळाली, आणि वंदे मातरम् ही सर्वत्र त्यांच्याच चालीने म्हटले जाते असे नाही.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आपण चार दिवस खपून एखादे काम करावे आणि ऐनवेळी दुसऱ्याचेच पसंत व्हावे, तर आपल्याला किती लागते! आपण रुसतो, पुढच्या कार्यक्रमाला येत नाही. मंडळात हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि मीही त्यात आहे. मास्तरांचे दुःख केवढे मोठे असेल. पण त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले तर गाण्यात कडवटपणा शिरलेला दिसत नाही. त्यांनी शिष्य तयार केले, मैफली केल्या आणि १९५९ च्या कीचकवध चित्राला संगीत दिले.

आणखी एक मोठे काम त्यांच्या हातून झाले. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल लावली व तिची ध्वनिमुद्रिका झाली. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते. आपल्या शहरात १९५० साली त्यांनी कॉलेज उघडले, तेच मिलिंद. लाखो माणसे नव्या वाटेने निघाली होती. त्यांना एकत्र बसून म्हणता येईल अशी साधी, शांत चाल हवी होती. आळंदीच्या वैदिक घरात जन्मलेल्या गवयाने ती मनोभावे केली. एकट्याने गाजविण्याचे गाणे पुष्कळांना येते. दहा हजारांनी मिळून म्हणावयाचे गाणे बांधणारा विरळा. वंदे मातरम् साठी केलेली ती सारी मेहनत येथे कामी आली असेल असे मला वाटते.

सरकारने १९७१ साली त्यांना पद्मभूषण दिले आणि पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीने आपले रत्नसदस्यत्व दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय शहात्तर वर्षांचे होते.

हे सर्व वाचून झाल्यावर मला आपल्या फजितीचे कारण कळले. आपला गळा वाईट नाही. आपण पट्टी चुकीची धरली आणि चाल एक ठरविली नाही. गाणे सर्वांचे व्हावयाचे तर कोणीतरी आधी बसून, सर्वात कमी गळा असलेल्या बाईचा विचार करून ते बेतावे लागते. मास्तरांनी देशासाठी जे केले ते आपण आपल्या मंडळापुरते करू शकतो. म्हणून माझी सूचना अशी आहे. चाल कोणतीही घ्या, पण एकच घ्या. पेटी काळी पाचवरून उतरवून काळी तीनवर आणा. दर गुरुवारी भजन सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे ती दोन कडवी म्हणावयाची. पाठ नसतील त्यांनी वहीत उतरवून घ्यावीत व अर्थही समजून घ्यावा.

मी गेला महिनाभर आजींना सोबत घेऊन घरीच म्हणून पाहत आहे. त्यांचा आवाज कापतो, पण शब्द एकही चुकत नाही. सुनेने आणि पलीकडच्या शबानाभाभींच्या मुलीने ऐकून ऐकून पहिले कडवे उचलले आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आजींनी पहिला सूर लावावा आणि आपण सर्वजणींनी तो शेवटपर्यंत न्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. आजी हो म्हणाल्या आहेत.

लिहिण्याची मला सवय नाही. काही उणे राहिले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.